तपास आणि वार्ता : सुरतेच्या अनुभवावरून एका दुहेरी कारकीर्दीचा अभ्यास

दि. २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात एकापाठोपाठ एक असे २१ स्फोट झाले व त्यांत ५६ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. दुसऱ्याच दिवशी सुरतेत स्फोटकांनी भरलेल्या मोटारी सापडल्या. त्यानंतर शहरात, विशेषतः हिरे-व्यवसायाच्या वराछा भागात, न फुटलेले बॉम्ब आढळू लागले. कोठे झाडावर, कोठे जाहिरातीच्या फलकामागे, कोठे पुलाच्या आसपास, असे ते ठेवलेले होते. दि. २९ जुलै या एका दिवसात १८ बॉम्ब मिळाले; एकूण संख्या २९ झाली. त्यांपैकी एकही फुटला नाही.

बॉम्ब शोधक व नाशक पथक ज्या झाडाखाली काम करीत होते, त्याच झाडाकडे रोखलेले कॅमेरेही तेथे होते. देशातील लक्षावधी घरांत ती दृश्ये पाहिली जात होती. पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा प्रसंग मोठा अडचणीचा होता. वृत्तसंपादकाच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत मोठ्या बातम्यांपैकी एक होता. एकाच जागी, एकाच वस्तूकडे पाहणाऱ्या या दोन व्यवसायांचे परस्परांशी नाते काय, आणि एकाच व्यक्तीने दोन्ही व्यवसाय केले तर तिच्या हाती कोणते ज्ञान येते, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे. पोलीस दलात वृत्तमाध्यमांशी संबंध ठेवण्याचे काम दुय्यम समजण्याची प्रथा जुनी आहे. त्या कामावर जो अधिकारी नेमला जातो तो ते बहुधा नाखुशीनेच स्वीकारतो. सुरतेचा अनुभव पाहता ही समजूत महागात पडणारी आहे.

वरवर पाहता हे दोन व्यवसाय एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. ठाणे अंमलदार फिर्याद नोंदविताना जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न वार्ताहर विचारतो : काय घडले, केव्हा, कोठे, कोणी पाहिले. दोघांचाही व्यवहार खबरीवर चालतो, आणि खबर देणाऱ्याचे नाव दोघेही जपतात. फरक पडतो तो पुढे. पोलिसाने लिहिलेला शब्द महिन्यांनी किंवा वर्षांनी न्यायालयात वाचला जावयाचा असतो. त्या वेळी बचाव पक्षाचा वकील त्यातील प्रत्येक विसंगती बोटाने दाखविणार हे त्याला ठाऊक असते. दूरदर्शन वाहिनीच्या वृत्तकक्षातला शब्द पुढच्या काही मिनिटांत उच्चारला जावयाचा असतो. पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द लिहिताना हवालदार दोनदा विचार करतो; वृत्तकक्षात तो शब्द गाळला तर वाक्य अधिक ठसठशीत होते म्हणून गाळलाही जातो. पोलिसाने माहिती राखून ठेवली तर त्याला दक्ष म्हणतात, वृत्तसंपादकाने राखून ठेवली तर त्याला मागे पडला म्हणतात. दोघांच्याही सवयी आपापल्या जागी रास्त आहेत, म्हणूनच त्यांचा मेळ घालणे कठीण होते.

माहिती राखून ठेवणे हे नेहमीच सुरक्षित असते, असा समज मात्र सुरतेनेच खोटा ठरविला आहे. त्यासाठी १९९४ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. त्यानंतर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गणेशविसर्जन होऊन दोन-तीन दिवसही झाले नव्हते तोच, सुरतेच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या प्लेगचे म्हणून रुग्ण दाखल होऊ लागले. १९९१ च्या जनगणनेनुसार सुमारे १५ लाख वस्ती असलेल्या या शहरातून पुढील काही दिवसांत लक्षावधी माणसे निघून गेली. जाणाऱ्यांत खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टरही होते. रुग्णालयातून रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून तेथे पहारा बसवावा लागला. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या.

त्या काळी भारतात चोवीस तास बातम्या देणारी एकही देशी वाहिनी नव्हती. दूरदर्शनची ठराविक वेळेची वार्तापत्रे होती. उपग्रहावरून येणाऱ्या परदेशी वाहिन्या काही घरांत दिसत होत्या. बाकी सर्व भिस्त वृत्तपत्रांवर व तोंडी खबरीवर. मृतांचा आकडा शेकड्यांनी सांगितला जात होता. प्रत्यक्षात साथ ओसरल्यानंतर संपूर्ण देशातील मृतांची संख्या सुमारे ५० असल्याचे निष्पन्न झाले. या दोन आकड्यांमधील अंतर ज्या गोष्टीने भरून निघाले तिचे नाव अफवा. सुरतेच्या उधना, पांडेसरा, लिंबायत अशा भागांत जळगाव, धुळे व नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागांवर व कापड गिरण्यांत त्यांचे हात राबतात. तापी खोऱ्याच्या रेल्वेने हे लोक गावी परतू लागले तेव्हा त्यांच्याबरोबर भीतीही खानदेशात पोहोचली. शहर सोडून जाणे हा त्यांचा अविचार होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विश्वास ठेवण्याजोगे, रोज ठरलेल्या वेळी, एकाच तोंडून आलेले निवेदन त्यांना मिळत नव्हते. मग शेजाऱ्याने सांगितले ते त्यांनी खरे धरले. सुरतेची पुढे झालेली स्वच्छता आणि त्या कामी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी १९९५ पासून केलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. त्या काळातील माहिती-व्यवहाराकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही.

म्हणजे एकाच शहरात चौदा वर्षांच्या अंतराने दोन उलट प्रसंग घडले. १९९४ मध्ये माहितीचा दुष्काळ होता, २००८ मध्ये तिचा पूर होता. दोन्ही वेळी बंदोबस्ताचे काम पोलिसांकडेच आले. तेव्हा माहिती केव्हा द्यावी, किती द्यावी व कोणी द्यावी, हा प्रश्न बंदोबस्ताचाच एक भाग मानणे प्राप्त आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांना स्वतःच्या आयुष्यात शोधावे लागले अशा व्यक्ती थोड्या आहेत. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

खुद्द सुरतेत पोलीस खाते व वृत्तव्यवसाय या दोहोंचा अनुभव घेतलेले एक परिचित नाव मराठी भाषकच आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील हे १९७५ मध्ये गुजरात पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले. पुढे नोकरी सुटल्यावर ते व्यवसायात व राजकारणात गेले; ‘नवगुजरात टाइम्स’ हे गुजराती दैनिकही त्यांनी सुरतेतून सुरू केले. २००९ पासून ते नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत गेले व २०२४ मध्ये केंद्रीय जलशक्ती मंत्री झाले. त्यांची कारकीर्द मुख्यतः राजकारणाची असल्याने येथे तिचा अधिक विचार करण्याचे कारण नाही. पोलीस शिपायाच्या पायरीवरून वृत्तपत्राच्या मालकीपर्यंत जाणारी वाट या शहरात होती, एवढी नोंद पुरे.

तपास यंत्रणेतून थेट दूरदर्शनच्या वृत्तविभागाच्या प्रमुखपदापर्यंत गेलेली कारकीर्द पाहावयाची तर एस. एम. खान यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील खान हे भारतीय माहिती सेवेचे अधिकारी. १९८९ पासून २००२ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, ते केंद्रीय अन्वेषण विभागाचे प्रवक्ते होते. त्यानंतर २००२ ते २००७ या काळात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वृत्तसचिव म्हणून त्यांनी काम केले. पुढे दूरदर्शनच्या वृत्तविभागाचे महासंचालकपद व वृत्तपत्र निबंधकाचे पद त्यांनी भूषविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. खान यांनी गणवेश घातला नव्हता व गुन्ह्याचा तपासही केला नव्हता. परंतु केंद्रीय अन्वेषण विभाग ही १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाखाली अधिकार चालविणारी पोलीस यंत्रणाच आहे, आणि तिचा आवाज होणे हे पोलीसकामच होय. किंबहुना तपास अधिकाऱ्याला आपल्या एका प्रकरणापुरते मौन पाळावे लागते, तर प्रवक्त्याला एकाच वेळी अनेक प्रकरणांचे. आणि तेही रोज बोलत राहून.

खान त्या पदावर आले तेव्हा देशात बातम्या दाखविणारी संस्था एकच होती. त्यांनी ते पद सोडले तेव्हा चित्र इतके पालटले होते की पद तेच राहिले हे केवळ नावापुरते खरे. जानेवारी १९९० मध्ये बोफोर्स प्रकरणी गुन्हा नोंदविण्यात आला त्या वेळी प्रवक्त्यापुढे मुख्यतः वृत्तपत्रांचे व वृत्तसंस्थांचे प्रतिनिधी बसत. त्यांच्या हाती वही असे व संध्याकाळपर्यंतचा अवधी असे. मे १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्या झाली व तिचा तपास विभागाच्या विशेष पथकाकडे आला. १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीस आला. मार्च १९९३ मध्ये मुंबईत साखळी स्फोट झाले. मुंबई पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केल्यानंतर ते प्रकरणही केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आले. याच काळात वृत्तप्रसारणाचे दार उघडत गेले. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी वाहिनी सुरू झाली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी जुलैत दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ हे खाजगी निर्मितीचे वार्तापत्र सुरू झाले. १९९८ मध्ये स्टार न्यूजने चोवीस तासांचे वृत्तप्रसारण आरंभिले, आणि ३१ डिसेंबर २००० रोजी ‘आज तक’ ही स्वतंत्र वाहिनी झाली.

या बदलाचा प्रवक्त्याच्या कामावर झालेला परिणाम केवळ गर्दी वाढण्यापुरता नव्हता. वहीत उतरून घेतलेले निवेदन संपादकाच्या हाताखालून जाते. एखादा शब्द चुकला तर रात्रीपर्यंत दुरुस्त करता येतो. कॅमेऱ्यासमोर उच्चारलेले वाक्य त्याच क्षणी पक्के होते. त्यातील अडखळणे, क्षणभराचे थांबणे, चेहऱ्यावरची छटा, हे सर्व बातमीचाच भाग बनते. ‘यावर आत्ता काही सांगता येणार नाही’ हे वाक्य छापील बातमीत निरुपद्रवी दिसते, पडद्यावर ते लपवाछपवीसारखे दिसू शकते. छापील निवेदनाच्या काळात घडलेल्या अधिकाऱ्याने पडद्याच्या काळातही तीच खुर्ची सांभाळावी, हा योग दुर्मिळच. अशा व्यक्तीकडे पुढे राष्ट्रीय प्रसारण संस्थेचा वृत्तविभाग सोपविला गेला, याचे या दृष्टीने महत्त्व आहे. तपास यंत्रणा कोणत्या टप्प्यावर काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही हे तिला बाहेरून समजावून द्यावे लागत नाही. ‘सूत्रांकडून समजते’ या शब्दांमागे कोणत्या प्रकारचा माणूस असतो व तो का बोलत असतो, याचाही तिला अंदाज असतो.

याच्या उलट दिशेने, किंबहुना दोन्ही दिशांनी वारंवार, प्रवास केलेली परदेशातील एक कारकीर्द तुलनेसाठी पाहता येईल. जॉन मिलर हे न्यूयॉर्कचे दूरचित्रवाणी वार्ताहर. संघटित गुन्हेगारीच्या बातम्यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९९४ मध्ये ते न्यूयॉर्क पोलीस दलात लोकमाहितीचे उपायुक्त झाले; महापौर कार्यालयाशी मतभेद झाल्यावर १९९५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुन्हा वृत्तव्यवसायात येऊन मे १९९८ मध्ये अफगाणिस्तानात त्यांनी ओसामा बिन लादेनची मुलाखत घेतली. २००३ मध्ये ते लॉस एंजेलिस पोलीस दलात दहशतवादविरोधी कामासाठी गेले, तेथून २००५ मध्ये संघीय अन्वेषण विभागात लोकसंपर्काचे प्रमुख झाले, २०११ मध्ये पुन्हा वार्ताहर झाले आणि २०१४ ते २०२२ या काळात न्यूयॉर्क पोलीस दलात गुप्तवार्ता व दहशतवादविरोधी विभागाचे उपायुक्त होते. त्यानंतर ते परत एका वृत्तवाहिनीत विश्लेषक म्हणून गेले.

आपल्या सेवानियमांच्या चौकटीत असा झोका शक्य नाही, व तो सर्वस्वी इष्ट आहे असेही म्हणता येणार नाही. काल ज्या दलाची गुपिते सांभाळली त्याच दलावर आज टीकाकार म्हणून बोलावयाचे, यात निष्ठेचा पेच आहेच. आणि काल ज्यांच्याशी विश्वासाने बोलले ते आज पोलीस अधिकारी झाले, यात खबर देणाऱ्यांची अडचण आहे. तथापि मिलर यांच्या कारकीर्दीतून एक गोष्ट दिसते ती नोंदविण्यासारखी आहे. पोलीस दलाने त्यांना प्रथम बोलण्यासाठी घेतले. पुढच्या खेपेस गुप्तवार्तेच्या कामासाठी घेतले. माहिती देणे व माहिती मिळविणे ही कौशल्ये एकाच मुळाची आहेत, असे त्या दलांना वाटले असले पाहिजे.

दोन्ही बाजू जाणणाऱ्या अधिकाऱ्याला जे कळते त्याचा बराचसा भाग कायद्यात आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे तत्त्व १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. असे असता ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य वार्ताहर परिषदेत उच्चारण्याने साधते काय? न्यायालयात त्याचा उपयोग नाही. बाहेर मात्र ते वाक्य निकालासारखे पसरते, आणि पुढे आरोपी सुटला तर पोलिसांनीच काही घोटाळा केला असा ग्रह होतो. ओळख परेडीचेही तसेच. साक्षीदाराने आरोपीला अनोळखी माणसांतून ओळखावयाचे, हे त्या परेडीचे सर्व बळ. आदल्या रात्री त्याचा चेहरा पडद्यावर दिसला असेल तर बचाव पक्षाला दुसरा मुद्दा शोधावा लागत नाही. चेहऱ्यावर टाकलेला काळा बुरखा पाहून सामान्य प्रेक्षकाला तो आरोपीवर केलेला उपकार वाटतो. प्रत्यक्षात तो साक्षीदाराच्या साक्षीचे रक्षण करीत असतो. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे, आणि विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव देण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे. ओळख केवळ नावाने उघड होते असे नाही. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, गल्लीच्या टोकाचा दुकानफलक एवढेही पुरते, हे कॅमेऱ्याची भाषा जाणणाऱ्यालाच चटकन ध्यानात येते.

सुरतेनंतर अवघ्या चार महिन्यांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, मुंबईवर हल्ला झाला आणि जो धोका सुरतेत नुसता डोकावला होता तो उघड झाला. वाहिन्यांवरील थेट दृश्ये सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार पाहत होते व त्यावरून हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाब प्रकरणातील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात या प्रसारणावर कठोर शब्दांत टीका केली. त्यामुळे सुरक्षा दलांचे काम अधिक कठीण व धोक्याचे झाले, असे न्यायालयाने म्हटले. पुढे मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट प्रक्षेपण करता येणार नाही, कारवाई संपेपर्यंत शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्त मर्यादित ठेवावे, असा तो नियम आहे. या नियमाचा अर्थ पोलीस अधिकाऱ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. त्याने वाहिन्यांचे तोंड बंद केले, असा त्याचा सोयीचा अर्थ लावला जातो. वस्तुतः त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यावर बोलण्याची जबाबदारी टाकली आहे. तो अधिकारी वेळेवर आला नाही तर नियम पाळणाऱ्या वाहिनीजवळ सांगण्यासारखे काहीच उरत नाही, आणि १९९४ ची सुरत पुन्हा उभी राहते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजी राज्यांना पाठविलेल्या सूचनापत्रात या कामाचा आराखडा दिलेला आहे. नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे; गुन्हा नोंदविणे, अटक, दोषारोपपत्र व अंतिम निकाल या टप्प्यांवर माहिती द्यावी; ज्या प्रकरणाकडे माध्यमांचे विशेष लक्ष आहे त्यात रोजची एक वेळ ठरवावी, असे त्याचे सूत्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निर्णयात, तपास चालू असताना माध्यमांनी चालविलेला समांतर खटला न्यायदानात अडथळा आणतो असे सांगतानाच, संवेदनशील प्रकरणांत तपास अधिकारी व माध्यमे यांच्यामधला दुवा म्हणून एक अधिकारी नेमण्याचा विचार करावा असे सुचविले. सर्वोच्च न्यायालयानेही १३ सप्टेंबर २०२३ रोजी, पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची सर्वंकष नियमपुस्तिका तयार करण्याचा आदेश गृह मंत्रालयास दिला. तीन ठिकाणांहून एकच मागणी पुढे आली आहे. कागदावर दुवा निर्माण करणे सोपे आहे. तो सांभाळणारा माणूस वृत्तकक्षाचे घड्याळही ओळखणारा असावा लागतो, आणि तशी माणसे घडविण्याची सोय प्रशिक्षणक्रमात फारशी नाही. नवीन अधिकाऱ्याला एखाद्या वृत्तकक्षात आठवडाभर बसविले तरी तो बरेच शिकेल.

अभ्यासाच्या सोयीसाठी सुरतेचाच प्रसंग पुन्हा समोर घ्यावा. समजा, २९ जुलैची दुपार आहे; बिनतारी संदेशावर आणखी एका बॉम्बची खबर आली आहे; फाटकाबाहेर वार्ताहर उभे आहेत. काय सांगावे? जागा सांगणे भागच आहे, कारण त्या रस्त्याने लोक जात-येत आहेत. ती दडवली तर जीव धोक्यात येतात. संशयास्पद वस्तू कशी दिसते, तिला हात न लावता कोठे कळवावे, हे सांगितलेच पाहिजे. नागरिकांनी दिलेल्या खबरींमुळेच शोध पुढे जात असतो. बॉम्ब निकामी करण्याची कृती जवळून चित्रित होऊ देणे हे मात्र पथकाच्या व पुढील तपासाच्या दृष्टीने घातक. मंडलातील कोणत्या दोषामुळे बॉम्ब फुटला नाही, हा प्रश्न वार्ताहर हमखास विचारणार. त्याचे उत्तर ऐकण्यास बॉम्ब ठेवणाराही उत्सुक असतो, हे अधिकाऱ्याने विसरू नये. आतापर्यंत किती बॉम्ब सापडले याचा आकडा द्यावा, पण तो एकाच ठिकाणाहून द्यावा. पोलीस ठाणे एक सांगते, आयुक्तालय दुसरा व रुग्णालय तिसरा, अशी स्थिती झाली की तिन्हींची बेरीज करणारा कोणी तरी निघतोच. शेवटी पुढील निवेदन किती वाजता होईल ते सांगावे, आणि त्या वेळी नवे काही नसले तरी उभे राहून ‘नवे काही नाही’ असे सांगावे. पुष्कळ अधिकाऱ्यांना हे शेवटचे काम निरर्थक वाटते. परंतु वृत्तसंपादकाला रिकामी वेळ भरावयाची असते, आणि पोलिसांनी ती भरली नाही तर ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस ती भरतो.

कोणाचे नाव घ्यावे, हा प्रश्न यानंतर येतो व तो सर्वांत अवघड आहे. सुरतेतच १९९३ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये स्फोट झाले होते. जानेवारीतील स्फोट वराछा भागातला. त्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी विशेष न्यायालयाने २००८ मध्ये, म्हणजे झाडांवर बॉम्ब सापडले त्याच वर्षी, आरोपींना शिक्षा ठोठावल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ११ जणांची निर्दोष मुक्तता केली. घटनेला तोपर्यंत एकवीस वर्षे झाली होती.

२००८ च्या अहमदाबाद व सुरत प्रकरणांचे खटले एकत्र चालविण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला : ४९ जण दोषी ठरले, त्यांपैकी ३८ जणांना फाशीची व ११ जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या रात्रीच्या सर्व वार्तापत्रांत ३८ हा आकडा अग्रभागी होता. त्याच निकालाने २८ आरोपींची मुक्तता केली होती.